बेलर कुणाच्या दारात

लाइल टेनआइकला त्या उन्हाळी शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, हार्लननी, गाईच्या कासेवरची नजर न काढता एकच विचारले होते : "उन्हाळ्यात शाळा? म्हणजे नापास झालास काय?"

त्यांची काही चूक नव्हती. तळ्याकाठच्या त्या खोऱ्यात उन्हाळ्यात शाळा भरे ती नापासांचीच. विद्यापीठ टेकडीवर होते आणि टेकडीखालच्या माणसांना वर काय चालते याची उत्सुकता फारशी नसे. वरच्यांना खालच्यांची तेवढीही नसे. सहा आठवडे जगभरची तरुण मंडळी येऊन समाज, इतिहास, न्याय, भाषा अशा विषयांतले कठीण ग्रंथ वाचतात, दर आठवड्याला एका नामवंताचे व्याख्यान ऐकतात आणि त्यावर भांडतात. आणि हे सर्व परीक्षेवाचून, स्वखुशीने करतात, हे हार्लन टेनआइक यांना कोणत्या शब्दांत सांगावे, ते लाइलला त्या वेळीही सुचले नाही आणि पुढेही कधी सुचले नाही. "नापास नाही, बाबा," एवढेच तो म्हणाला. "बरं," हार्लन म्हणाले, "पण गवताच्या दिवसांत सकाळी तू मला लागशील."

म्हणून त्या उन्हाळ्यात लाइल रोज पहाटे शेतात गवताचे गठ्ठे रचून मग टेकडी चढत असे. तो सभागृहात पोचे तेव्हा चर्चा सुरू झालेली असे. जुन्या लाकडी भिंतींचा तो हॉल जुलैत भट्टीसारखा तापे. चार उंच पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढकलीत, आणि प्रत्येकाच्या मांडीवर छायाप्रतींची जाडजूड चळत असे. त्या ताज्या शाईचा वास आणि त्याच्या शर्टाला चिकटलेल्या गवताचा वास एकमेकांत मिसळत. पुढे कुठेही कापलेल्या गवताचा वास आला की लाइलला ग्रंथ आठवत, आणि ग्रंथ उघडला की गवत.

त्या हॉलचा एक नियम होता. ज्याला नवा प्रश्न विचारायचा त्याने हात वर करायचा. त्याचे नाव रांगेत लागे. ज्याला चाललेल्याच प्रश्नावर काही जोडायचे त्याने एक बोट वर करायचे; बोटवाल्याला रांग मोडून मध्ये शिरता येई. रांग सांभाळायला एक माणूस बाजूच्या खुर्चीवर बसे. हात कुणाचा आणि बोट कुणाचे, हे पाहणे त्याचे काम. त्याने स्वतः प्रश्न विचारायचा नाही. मात्र त्या वर्षांत अशी रीत होती, की सर्व संपल्यावर शेवटचा प्रश्न त्याचा.

नियम इतका अंगात मुरला होता की तरुण मंडळी जेवतानाही तो पाळीत. खालच्या गावातल्या अग्निशामक दलाच्या मैदानावर शनिवारी व्हिनेगरमध्ये मुरवलेली कोंबडी निखाऱ्यांवर भाजली जाई. सोबत मिठाच्या पाण्यात उकडलेले लहान बटाटे आणि वितळलेले लोणी. तिथे मॉन्ट्रियलहून आलेली मिरेल ओशेर बटाट्याने गच्च भरल्या तोंडाने बोट वर करी आणि लाइल गंभीरपणे म्हणे, "ओशेर, बोट. बोला." डेन्मार्कच्या एका बेटावरून आलेला नील्स हात वर करून ताटकळत बसे. "माझी पाळी कधी?" "ओशेरचं बोट संपलं की." "तिचं बोट कधी संपतं का?" या तिघांचे जमले. का जमले, ते सांगता येत नाही. त्या वयात जमते.

एका आठवड्यात कुणा पाहुण्याने दोषावर व्याख्यान दिले. जो करतो त्याचीच जबाबदारी, असे त्याचे एकूण म्हणणे. दुपारी तिघे धबधब्याखालच्या डोहात पोहायला गेले होते. गार पाण्यात मानेपर्यंत बुडून लाइल म्हणाला, की आमच्या घरी असे मानत नाहीत.

"कसं मानतात?" मिरेलने विचारले.

त्याने सांगितले. त्यांच्या रस्त्यावर तीन शेते होती : टेनआइक, ओडेल, क्रिस्पेल. तिघांत मिळून गवताचे गठ्ठे बांधायचे एक यंत्र होते. बेलर. ज्याचे गवत कापून झाले तो ते पुढच्याकडे ओढून नेई. पावसात ठेवले तर गंजून बसे, म्हणून ज्याच्याकडे असेल त्याला ते रात्री स्वतःच्या छपराखाली घ्यावेच लागे. त्या जूनमध्ये ओडेलने ते दगडांवरून रेटले आणि गाठ मारणारा भाग खिळखिळा करून टेनआइककडे धाडले. त्यांच्याकडे आल्यावर पहिल्याच सकाळी तो भाग तुटला. हार्लननी निमूटपणे हत्यारांची पेटी उघडली. लाइल चिडला. 'मोडलं ओडेलनं, बाबा.' हार्लन म्हणाले, 'मोडलं कुणी ते ओडेलला ठाऊक. थांबलंय आपल्या दारात.'

मिरेलने पाण्यातून बोट वर काढले.

"आणि ओडेलच्या दारात मोडलं असतं तर?"

"ओडेलनं दुरुस्त केलं असतं."

पुन्हा बोट. "मोडणारे तुम्ही असता, तरी?"

"तरी."

"आणि त्यानं केलं नसतं तर?"

लाइलने विचार केला. असे कधी झाले नव्हते. "मग त्याच्या छपराखाली मोडकं यंत्र उभं आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं असतं."

"पाणी गार आहे," नील्स म्हणाला. "आणि माझा हात केव्हाचा वर आहे."

ऊन उतरेपर्यंत तिचे बोट वर होत राहिले. आयुष्यात आपले बोलणे इतके कुणी ऐकले नव्हते, हे लाइलला त्या दिवशी कळले. पुढे कुणी ऐकणार नव्हते, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

कारण पुढचे आयुष्य टेकडीखालीच गेले. त्याच हिवाळ्यात हार्लनना अर्धांगाचा झटका आला. गुरे विकेपर्यंत दोन वर्षे गेली, तोवर लाइलचा विद्यापीठातला प्रबंध थंडावला होता. शेजारच्या गावातल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या महाविद्यालयात त्याला काम मिळाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंध लिहायला शिकवायचे. वाक्य कुठे संपवावे, परिच्छेद कुठे तोडावा. तो चांगला शिकवीत असे. दरसाल नवी मुले येत, दरसाल तीच चूक करीत, आणि दरसाल नवे प्राचार्य येऊन तेच भाषण करीत. खोलीतला पंखा बदलावा, ग्रंथालयाची नियतकालिके बंद करू नयेत, असे रीतसर अर्ज तो करीत राहिला. उत्तरे सभ्य असत आणि पंखा तसाच राही. लग्न झाले, डोना जिल्हा रुग्णालयात परिचारिका होती आणि घरात हसण्याची जबाबदारी तिने आपणहून घेतली होती.

मग मिरेल ओशेरचे पुस्तक आले. त्या पुस्तकाने ती मोठी झाली. दोष करणाऱ्याचा असेल, पण जबाबदारी ती गोष्ट ज्याच्या दारात येऊन थांबते त्याची, हा त्याचा गाभा. लाइलने ते ग्रंथालयात उभ्याउभ्या वाचायला घेतले आणि प्रस्तावनेतच थांबला. ही कल्पना आपल्याला एका उन्हाळ्यात पोहता पोहता मिळाली, असे तिने प्रांजळपणे लिहिले होते. डेन्मार्कच्या एका बेटावरच्या मित्राने ती सांगितली. त्याच्या गावात तीन घरांची मिळून एक होडी होती.

होडी!

हे त्याने डोनाला वाचून दाखवले. दरवर्षी एकदा तरी दाखवी.

"मग कळव की तिला," डोना म्हणे.

"काय कळवू? होडी नव्हती, बेलर होता, असं?"

"तेच."

"ती म्हणेल, कोण हा माणूस."

"कळवलं नाहीस तर तेवढंसुद्धा म्हणणार नाही."

त्याने कळवले नाही. तक्रार मनातच राहिली, आणि दरसाल तिच्या वाक्यांना थोडी आणखी धार चढली. त्याला फार काही नको होते. त्याच हॉलमध्ये, माणसांदेखत, तिने एकदा म्हणावे, की ती गोष्ट लाइल टेनआइकने सांगितली होती. एवढेच.

उन्हाळी शाळा मात्र त्याने सोडली नाही. व्याख्याने सर्वांना खुली असत, म्हणून जुलै आला की तो संध्याकाळी टेकडी चढे. शाळा बदलत गेली. छायाप्रतींच्या चळती गेल्या आणि मांड्यांवर लॅपटॉप आले. तरुण मंडळी डोहावर जाईनाशी झाली. त्यांना नोकऱ्यांचे अर्ज भरायचे असत. शाळेच्या संचालिका विनिफ्रेड होल्ब्रुक यांनी रांग सांभाळणाऱ्याच्या शेवटच्या प्रश्नाची रीत बंद केली, वेळ पुरत नाही म्हणून. पुढे रांग सांभाळायलाही कुणी मिळेना, कारण टेकडीवरचे प्राध्यापक जुलैत समुद्रकाठी असतात. तेव्हा त्यांना लाइल आठवला.

"तुला नियम ठाऊक आहेत," त्या म्हणाल्या, "आणि तू इथेच असतोस."

दोन्ही खरे होते. त्याने होकार दिला. असे काही उन्हाळे गेले, आणि एका वर्षी पाहुण्यांच्या यादीत मिरेल ओशेर हे नाव आले.

"आता तरी बोलशील?" डोनाने विचारले. ती त्याच्या शर्टाला इस्त्री करीत होती. हे ती एरवी करीत नसे.

"रांग सांभाळणाऱ्यानं बोलायचं नसतं."

"मग दुसऱ्या कुणाला सांभाळू दे. एक दिवस."

त्याने तसे विचारूनही पाहिले. होल्ब्रुकबाई म्हणाल्या, "नेमकं याच आठवड्यात? हॉल भरणार आहे. लाइल, कृपा कर."

चर्चेच्या दिवशी मिरेल ओशेर हॉलमध्ये आली तेव्हा केस पांढरे आणि चाल तीच होती. लाइलने तिच्या कॉलरला छोटा माइक लावून दिला. त्याच्या छातीवर नावाचा बिल्ला होता. तिने तो वाचला आणि हसली.

"तुम्ही इथे टेकडीवर शिकवता?"

"खाली. पलीकडच्या गावात."

"वा. सुंदर आहे हा भाग. मी विद्यार्थी असताना इथे होते."

"हो का," लाइल म्हणाला, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

तिच्या लेखावर चर्चा होती. लेख आदल्या आठवड्यात सर्वांना वाचायला दिला होता, आणि लाइलने तो तीनदा वाचला होता. त्यात ती तिच्याच कल्पनेत अडकली होती, आणि हे तिने लपवले नव्हते. ती म्हणाली, "एखादी गोष्ट माझ्या दारात थांबली तर ती माझी. मान्य. पण ज्या गोष्टी कुणाच्याच दारात थांबत नाहीत, त्यांचं काय? तळं, रस्ता, हवा. मी पुन्हा होडीकडे गेले. होडी धक्क्याला बांधलेली असते आणि धक्का तर तिन्ही घरांचा, म्हणजे कुणाचाच नाही. मग ती मोडकी होडी दुरुस्त का होत होती? मला कळत नाही. वीस वर्षं ज्या गोष्टीवर उभी आहे, तीच मला आता कळत नाही."

हॉलमध्ये हात वर झाले. लाइलने नावे लिहून घेतली. पहिल्याच प्रश्नावर चार बोटे आली. ब्राझीलचा कायो नावाचा उंच तरुण बोट वर करून उभा राहिला आणि कायद्याच्या इतिहासाबद्दल बोलू लागला.

"कायो," लाइल म्हणाला, "हा हात आहे. बोट नव्हे. रांगेत या."

लोक हसले. मिरेलही हसली, आणि हसता हसता लाइलकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. मग पुढचा प्रश्न आला.

प्रश्न चांगले होते. पण सगळे होडीवर होते. धक्क्याची मालकी, समुद्राचा कायदा, कोळ्यांच्या श्रद्धा. हुशार माणसे तासभर त्या होडीला रंग देत राहिली, आणि लाइल बाजूच्या खुर्चीवरून पाहत राहिला, की होडी मुळातच नाही. त्याने इतकी वर्षे जपलेली वाक्ये त्याच्याजवळ तयार होती, नीट बांधलेली, धारदार. पण जसजसा वेळ गेला तसे त्याचे लक्ष त्यांच्यावरून उडत गेले. गोष्ट कुठे मोडली आहे, ते त्याला दिसत होते. आणि मोडकी गोष्ट समोर दिसत असताना नुसते बसून राहणे त्याला घरी शिकवले नव्हते.

रांग संपली. होल्ब्रुकबाई आभारासाठी उठल्या.

"एक मिनिट," मिरेल म्हणाली. "आमच्या उन्हाळ्यात शेवटचा प्रश्न रांग सांभाळणाऱ्याचा असायचा. ती रीत गेली की काय?"

"वेळेअभावी," होल्ब्रुकबाई म्हणाल्या.

"वेळ आहे माझ्याजवळ." ती लाइलकडे वळली. "विचारा."

तिला रीत आठवत होती. डोह आठवत होता. माणूस तेवढा आठवत नव्हता. लाइल उभा राहिला. भरलेल्या हॉलसमोर, हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या बाईने त्याला बोलायला सांगितले होते.

"होडीच होती, हे नक्की का?" तो म्हणाला. "म्हणजे असं, की समजा ती होडी नव्हती. पावसात ठेवलं तर गंजणारं एखादं यंत्र होतं. धक्क्यावर सोडून देताच येत नाही असं. रोज रात्री कुणीतरी ते छपराखाली घ्यावंच लागतं. मग ते कधीच सगळ्यांचं नसतं. रोज कुणा एकाचं असतं, फक्त उद्या दुसऱ्याचं. मला वाटतं, तुमचा विचार मोडलेला नाही. उदाहरण मोडलंय. तळं कुणाच्या दारात आहे असं विचारायच्याऐवजी, आज रात्री ते कुणाच्या छपराखाली आहे, असं विचारलं तर?"

मिरेलने चष्मा काढला. पंखे फिरत राहिले.

"नील्सच्या बेटावर," ती अखेर हळूच म्हणाली, "गवतच नव्हतं."

कुणाला काही कळले नाही. दोघेतिघे उगीच हसले.

"याचं उत्तर मी इथे देणार नाही," ती म्हणाली. "बाहेर देईन. हातात पेला घेऊन."

बाहेर हिरवळीवर नेहमीची मेजे मांडली होती. चीज, द्राक्षे, प्लॅस्टिकच्या पेल्यांतली कोमट पांढरी वाइन. या एका गोष्टीत मात्र शाळा इतक्या वर्षांत बदलली नव्हती. खाली तळ्यावर ऊन तिरपे झाले होते. तरुणांचा घोळका मागे टाकून मिरेल सरळ त्याच्याकडे आली.

"तू रोज उशिरा यायचास," ती म्हणाली. "शर्टाला गवत लागलेलं असायचं. मला शिंका यायच्या."

"तुझ्या शिंकांचा मला त्रास व्हायचा."

"मघाशी बिल्ला वाचला मी. आणि तरीही. लाइल, मला लाज वाटते आहे."

हेच ऐकायला तो इतकी वर्षे थांबला होता, आणि ऐकल्यावर ते अपेक्षेपेक्षा लहान निघाले. वाइन कोमट होती तरी त्याने एक घोट घेतला.

"नील्स कुठे असतो?"

"शिक्षणखात्यात. मी प्रस्तावना त्याला पाठवली होती. त्यानं लिहिलं, होडीचं काही आठवत नाही, पण छान आहे." ती हसली, मग थांबली. "कळवलं का नाहीस? एवढी वर्षं."

"तुला आठवेल असं वाटलं."

"माणसाला असं वाटू नये."

"हो. डोना तेच म्हणते. माझी बायको."

मिरेलने पेला मेजावर ठेवला. तिच्या डोळ्यांत जुना खोडकरपणा आला, डोहातला. "पण एक सांगते. वीस वर्षं ती गोष्ट माझ्या छपराखाली उभी आहे. तेलपाणी मी केलं. जगभर मी ओढून नेली. तुझ्याच वडिलांच्या नियमाने आता ती माझी."

लाइलने बोट वर केले.

ती हसली. "टेनआइक, बोट. बोला."

"नियम मालकीचा नव्हता. दुरुस्तीचा होता."

मिरेलने मान हलवली. वादात हरलेला माणूस हलवतो तशी नव्हे, पाळी ओळखलेला माणूस हलवतो तशी.

"थांबलंय माझ्या दारात," ती म्हणाली.

"तुझ्याच दारात."

"नवी आवृत्ती निघतेय वसंतात. बेलर घालते. नाव कुणाचं घालू, तुझं की वडिलांचं?"

येथे एखाद्या उदार मनाच्या माणसाने वडिलांचे नाव सांगितले असते. लाइलने द्राक्ष तोंडात टाकले आणि नीट विचार केला.

"माझं घाल," तो म्हणाला. "पुस्तकात नाव आलेलं बाबांना आवडलं नसतं. आणि ओडेलचंही घाल. मोडलं त्यानंच होतं."

ती इतक्या मोठ्याने हसली की घोळका वळून पाहू लागला. कायो पेला सावरीत जवळ आला आणि, कोणता संकेत लागू पडतो ते न कळून, त्याने हात आणि बोट दोन्ही वर केले. मिरेलने त्याला विचारले, की इथला डोह माहीत आहे का. त्याला माहीत नव्हता. त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता.

"फार लांब नाही," लाइल म्हणाला. "पण पाणी गार असतं."

मिरेलने त्याच्या बाहीकडे पाहिले आणि चिमटीने एक काडी उचलली. गवत आता कुणी कापीत नव्हते. ती हिरवळीवरचीच असणार. तरी ती शिंकली.